पांढुर्ण्याचा पाषाण आणि मॉरिशसचे डोंगर

पांढुर्णा आणि सौसर ही नावे गोव्यातील वाचकाच्या कानावर पडतात ती बहुधा दोनच निमित्तांनी. एक म्हणजे संत्री. दुसरे म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार आणि तीत जखमी झालेल्यांच्या बातम्या. दोन्ही गावे मध्य प्रदेशात आहेत, मात्र घरातली आणि बाजारातली बोली नागपुरी वळणाची मराठी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याबरोबर हा मराठी पट्टाही तिकडेच राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर हे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. राजकीय नकाशावरील या रेषा अलीकडच्या आहेत. जमिनीखालची रेषा फार जुनी आहे, आणि तेथील संत्र्याच्या बागा कोठे टिकतील आणि कोठे वाळतील हे बऱ्याच अंशी तीच ठरवते.

गोटमारीत जो गोटा हातात येतो तो काळा असतो. संत्र्याच्या बागेत विहीर खणताना जो कातळ लागतो तोही काळाच. या दगडाचे सर्वांत जवळचे नातलग शोधायचे तर उत्तरेकडच्या विंध्यात किंवा हिमालयात जाऊन उपयोग नाही. ते हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या दक्षिणेस, मॉरिशस नावाच्या डोंगराळ बेटावर आहेत.

आधी जागा नीट पाहू. सातपुड्याचे पठार छिंदवाड्याजवळ समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेसातशे मीटर उंचीवर आहे आणि नागपूरचे मैदान सुमारे तीनशे दहा मीटरवर. या दोहोंमधला उतार म्हणजे पांढुर्णा आणि सौसर. छिंदवाड्याहून नागपूरकडे येणारा रस्ता सिल्लेवानी घाटाने खाली उतरतो. जुन्या छोट्या लोहमार्गाचे रुंदीकरण करतानाही भिमालगोंदी ते भंडारकुंड हाच घाटाचा तुकडा सर्वांत शेवटी पुरा झाला. ज्याला या भागाचा उतार समजून घ्यायचा आहे त्याने नकाशाऐवजी या एका तुकड्याकडे पाहिले तरी पुरे.

पाण्याची वाटणी त्याहून चमत्कारिक आहे. पांढुर्ण्याच्या वायव्येस मुलताईचे पठार आहे. तापी तेथे उगम पावते आणि पश्चिमेकडे सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. त्याच पठारावर वर्धा उगम पावते आणि दक्षिणेकडे निघते. पांढुर्ण्याची जाम नदी मात्र पूर्वेकडे वळून कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला मिळते. आणि शेकडो किलोमीटरचा वळसा घेऊन वैनगंगा व वर्धा एकत्र येतात तेव्हा त्यांना प्राणहिता म्हणतात. ती गोदावरीत जाते. म्हणजे मुलताई ते पांढुर्णा एवढ्या टापूत पडलेल्या पावसाचा एक भाग अरबी समुद्रात जातो, तर दुसरा, जवळजवळ एकाच ठिकाणाहून निघालेल्या दोन नद्यांत विभागून, गडचिरोलीच्या जंगलापाशी पुन्हा भेटतो आणि बंगालच्या उपसागरात पोचतो. दोन्ही किनाऱ्यांपासून पाचशे किलोमीटरहून अधिक दूर असलेला हा प्रदेश पाण्याच्या वाटेने दोन्ही समुद्रांशी जोडलेला आहे.

समुद्राशी त्याचे नाते मात्र केवळ नद्यांपुरते नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ज्या काळात पृथ्वीवरून डायनोसॉर नाहीसे झाले त्याच्या आगेमागे, आजच्या महाराष्ट्राच्या व माळव्याच्या भूमीला भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला. तो उंच शंकूच्या डोंगरातून उसळला नाही. लांबच लांब भेगांतून पाझरला आणि पुरासारखा पसरला. एक थर थिजला की काही काळाने त्यावर दुसरा. हेच दख्खनचे ट्रॅप. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतील जिन्याच्या नावावरून आला आहे, आणि डोंगरांच्या कडेला दिसणाऱ्या पायऱ्या पाहिल्या की तो का दिला हे विचारावे लागत नाही. आज उरलेले हे थर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापतात. सह्याद्रीत ते हजार-दीड हजार मीटरहून अधिक जाड आहेत. पूर्वेकडे येता येता पातळ होत जातात. गोव्यात ते जेमतेम सत्तरीच्या ईशान्य कोपऱ्यात, घाटमाथ्यावर दिसतात. बाकीचा गोवा याहून कितीतरी जुन्या खडकावर उभा आहे. पांढुर्ण्याची स्थिती या बाबतीत सत्तरीसारखीच, फक्त विरुद्ध टोकाची. हाही लाव्ह्याच्या प्रदेशाचा काठच.

हा लाव्हा वाहिला तेव्हा भारत आशियाला जोडलेला नव्हता. आधी आफ्रिकेपासून आणि मग मादागास्करपासून सुटून तो हिंदी महासागरातून उत्तरेकडे निघालेला एक मोठा बेट-खंड होता. लाव्हा थंड होताना त्यातील लोहयुक्त कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने स्थिर होतात आणि त्यांच्या कलावरून तो खडक कोणत्या अक्षांशावर थिजला हे काढता येते. १९५० च्या दशकात इंग्लंडमधील संशोधकांनी दख्खनच्या दगडांवर हे मोजमाप केले, आणि हा लाव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस थिजला असे उत्तर आले. खंड सरकतात ही कल्पना तेव्हा अनेक भूशास्त्रज्ञांना हास्यास्पद वाटत होती. ती मान्य करायला लावणाऱ्या पुराव्यांत दख्खनच्या काळ्या दगडाचाही वाटा आहे.

लाव्हा कोठून आला, याचे आज सर्वांत अधिक मान्य असलेले उत्तर असे : पृथ्वीच्या कवचाखाली एक अतितप्त स्थान आहे. ते फारसे जागा सोडत नाही. वरचे कवच मात्र सरकत राहते. मेणबत्तीवरून कागद हळूहळू सरकवला तर डागांची जशी रांग उठते, तशी कवचावर ज्वालामुखींची रांग उठते. भारत या स्थानावरून जाताना दख्खनचे ट्रॅप झाले. भारत पुढे सरकला तसा लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस यांना पाठीवर घेतलेला समुद्रतळाचा लांब उंचवटा झाला. त्यानंतर मस्कारिन पठार, मग मॉरिशस, आणि आज त्या स्थानावर असलेले रियुनियन हे फ्रान्सच्या ताब्यातील बेट. तेथील पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी आजही वरचेवर जागा होतो. रियुनियन विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे एकवीस अंशांवर आहे. पांढुर्णा उत्तरेस साडेएकवीस अंशांवर. अंश जवळजवळ सारखेच असणे हा योगायोग आहे, पण त्यामुळे साडेसहा कोटी वर्षांत हा दगड किती दूर आला हे लक्षात ठेवणे सोपे जाते. या सिद्धान्ताला शंका घेणारे भूशास्त्रज्ञ आहेत, आणि मॉरिशसने स्वतःच एक गुंता वाढवला आहे : त्या तरुण बेटाच्या लाव्ह्यात झिर्कॉन या खनिजाचे सुमारे तीनशे कोटी वर्षे वयाचे कण सापडल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. बेटाखाली एखाद्या जुन्या खंडाचा बुडालेला तुकडा असावा, असा त्याचा अर्थ लावला जातो.

मॉरिशसचे वय ऐंशी-नव्वद लाख वर्षांच्या घरात आहे. दख्खनच्या मानाने ते कालचे पोर. तरीही त्याचे डोंगर झिजून चमत्कारिक आकाराचे झाले आहेत. मूळचा मोठा ज्वालामुखी खचला आणि झिजला. त्याच्या भिंतींचे अवशेष म्हणजे आजच्या मोका, ग्रँड पोर्ट आणि ब्लॅक रिव्हर येथील डोंगररांगा. सर्वोच्च शिखर जेमतेम ८२८ मीटर आहे, पण कडे इतके सरळ आहेत की उंची दुप्पट वाटते. मधला खळगा नंतरच्या लाव्ह्याने भरला आणि त्याचे पठार झाले. भाविक ज्याला गंगा तलाव म्हणतात ते सरोवरही एका विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेले पाणी आहे. आग्नेयेकडून येणारे वारे या पठारावर चढतात आणि तेथे वर्षाला चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पाडतात. डोंगराच्या पलीकडे पश्चिम किनाऱ्यावर तो हजाराच्याही खाली येतो. सह्याद्रीचा घाटमाथा आणि त्यामागचा देश ज्याने पाहिला आहे त्याला हे गणित परके वाटणार नाही.

१८३४ पासून या बेटावर भारतातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांत कोकणातून आणि देशावरून गेलेली मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या वंशजांसाठी आजही तेथील शाळांत मराठी शिकवली जाते. उसाची लागवड करण्याआधी या मजुरांना शेतातला दगड वेचावा लागे. उसाच्या रानात मधोमध उभे असलेले काळ्या दगडांचे मनोरे मॉरिशसमध्ये आजही दिसतात. सातपुड्याच्या उतारावरचा शेतकरी तोच काळा दगड वेचून बांधावर रचतो. एका अर्थी ते मजूर गावाकडच्याच दगडाशी झगडत होते, फक्त तो कितीतरी तरुण होता.

पांढुर्ण्याकडून सौसरकडे निघाले आणि कन्हानच्या खोऱ्यात उतरले की मात्र चित्र बदलते. नदीने लाव्ह्याचे पांघरूण फाडून टाकले आहे आणि खालचा बिछाना उघडा पडला आहे. काळ्या दगडाच्या जागी पांढरट संगमरवर, डोलोमाइट, चकाकणारे अभ्रकी खडक आणि पट्ट्यापट्ट्यांचे नाइस दिसू लागतात. भूशास्त्रात या खडकांच्या समूहाला सौसर समूह असेच नाव आहे. एका तालुक्याचे नाव जगभरच्या भूशास्त्रीय ग्रंथांत गेले ते असे. हे खडक मुळात समुद्रात साचले : वाळू, चिखल, चुना. मग मध्य भारतात दोन प्राचीन भूखंड एकमेकांना भिडले आणि त्या चेपणीत समुद्राचा हा गाळ दुमडला, भाजला, बदलला. ही घडामोड साधारण शंभर कोटी वर्षांपूर्वीची. रामाकोना या गावाचे नाव ज्यांना मिळाले आहे ते ग्रॅन्युलाइट खडक तर कवचात वीस-तीस किलोमीटर खोलवर तयार झालेले आहेत. तेथे एकेकाळी पर्वत होता आणि तो पुरता झिजला, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

या जुन्या समुद्राच्या चिखलात मँगनीज साचले होते. खाणींविषयी गोव्याच्या वाचकाला निराळे सांगायला नको. सांगे-केपे भागातून पोर्तुगीज अमदानीत मँगनीज जहाजांवर चढत असे. मध्य भारताचा पट्टा त्याहून मोठा. बालाघाट, भंडारा, नागपूर आणि छिंदवाडा या जिल्ह्यांतून तो कमानीसारखा गेला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुइस ली फर्मोर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीजवर जो प्रचंड ग्रंथ लिहिला त्यात या खडकांना येथील गोंड लोकांच्या नावावरून गोंडाइट असे नाव दिले. सीतापार या गावावरून त्यांनी एका खनिजाला सीतापाराइट म्हटले. पुढे ते बिक्सबाइट या आधीच ठाऊक असलेल्या खनिजाहून वेगळे नाही असे ठरले आणि सीतापारचे नाव शास्त्राच्या यादीतून गळाले. गोंडाइट मात्र टिकले.

दोन थरांच्या मधली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. लाव्ह्याचे दोन पूर येऊन जाण्याच्या मधल्या काळात तळी साचत, झाडे उगवत, आणि पुढचा थर त्यांना गाडून टाकी. छिंदवाड्याच्या बाजूला मोहगाव कलां येथे असे एक तळे दगड होऊन सापडले आहे. (सौसरजवळचे मोहगाव वेगळे, दोहोंची गल्लत अनेकदा होते.) के. पी. रोडे आणि बिरबल साहनी यांनी १९३० च्या दशकात तेथील वनस्पतींचे अवशेष जगापुढे आणले. पुढे त्यांत केळीच्या कुळातले मानले गेलेले फळ निघाले, गोड्या पाण्यावर तरंगणारे अझोला निघाले आणि निपा या ताडाचे फळही निघाले. निपा खाऱ्या-मचूळ पाण्याच्या काठी वाढतो. आज तो सुंदरबनात आणि अंदमानात आहे. ज्याने मांडवी-झुवारीची खाजणे पाहिली आहेत त्याला ही पाणथळ डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. समुद्राचा एखादा फाटा आजच्या सातपुड्याच्या बराच जवळ आला असावा, असे निपावरून मानले जाते.

आता विहिरीकडे. लाव्ह्याचा प्रत्येक थर वरून आणि खालून सारखा नसतो. थिजताना वायू वर येतात, म्हणून वरचा भाग बुडबुड्यांनी भरलेला असतो. पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजे साचतात आणि दगड ठिपकेदार होतो. विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. तो लवकर झिजतो, त्याचा मुरूम होतो आणि त्यात पाणी शिरते. खालचा भाग म्हणजे घट्ट काळा पाषाण. त्यात भेग असेल तर पाणी, नसेल तर नाही. म्हणून एका बांधावरच्या विहिरीला पाणी आणि शेजारच्या बांधावर कोरडा खड्डा, हा प्रकार या भागात नेहमीचा आहे. त्यात दैवापेक्षा थरांचा संबंध अधिक. गंगेच्या खोऱ्यातल्या वालुकामय गाळात शंभर भागांपैकी दहा-पंधरा भाग उपसता येणारे पाणी असते. झिजलेल्या काळ्या पाषाणात ते दोन-तीन भागांवर येते. अशी भूमी पावसात लवकर भरते आणि तितक्याच लवकर रिती होते. सप्टेंबरात काठोकाठ असलेली विहीर मार्चमध्ये तळ दाखवते, ती पाऊस कमी झाला म्हणूनच असे नाही. नागपूरच्या परिसरात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. गोव्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, पण दुष्काळी नव्हे. अडचण पडण्याची नाही, साठण्याची आहे.

संत्र्याला हाच खडक मानवतो आणि हाच मारतो. या झाडाची मुळे पाण्यात उभी राहिली की कुजतात. खोडातून डिंक गळू लागतो आणि डिंक्या रोगाने झाड जाते. खोल काळ्या जमिनीत, जेथे कापूस चांगला येतो, तेथे संत्रा रमत नाही. बेताची काळी माती आणि तिच्याखाली पाणी निचरणारा मुरूम, ही उताराची जमीन त्याची. पांढुर्णा-सौसरची बागायत, आणि सीमेपलीकडची वरूड, मोर्शी, काटोल येथील बागायतही, याच जमिनीवर उभी राहिली. पण निचरणारी जमीन म्हणजे पाणी धरून न ठेवणारी जमीन.

झाडाला फुलवण्यासाठी शेतकरी त्याचे पाणी काही आठवडे तोडतो. याला ताण देणे म्हणतात. मृग बहार घ्यायचा तर ताण मे महिन्यात. पहिल्या पावसाबरोबर झाड फुलते आणि फळ पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी हाती येते. आंबिया बहार घ्यायचा तर ताण थंडीत; जानेवारीत पाणी सोडले की फूल येते आणि फळ दिवाळीच्या पुढेमागे तयार होते. आंबियाचा बाजार मोठा. परंतु आंबियाचे लहान फळ मार्च ते जून या काळात झाडावर असते, म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा काळ्या पाषाणातली विहीर तळाला गेलेली असते. पाणी कमी पडले की फळगळ. त्याहून कमी पडले की झाडच वाळते, आणि नव्या झाडाला फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात.

म्हणून विहिरीनंतर बोअर आले. बोअर मुरमाच्या खाली, पाषाणातल्या खोल भेगांपर्यंत जाते. तेथले पाणी वर्षानुवर्षे झिरपून साठलेले. ते उपसायला एक हंगाम पुरतो, भरायला एक पावसाळा पुरत नाही. शेजारच्या वरूड-मोर्शी पट्ट्यात भूजलाचा अतिउपसा होत असल्याची नोंद शासकीय मूल्यांकनांत अनेक वर्षे येत आहे. सीमा राज्याची आहे, खडकाची नाही. पांढुर्ण्याच्या बाजूला तोच काळा थर पुढे चालू राहतो.

उपाय म्हणून नाल्यांवर बांध आणि पाझर तलाव बांधले जातात. ते चांगलेच, पण तलावाचा तळ मांजऱ्यावर किंवा मुरमावर असला तरच पाणी मुरते. घट्ट पाषाणावर बांधलेला तलाव पाणी धरतो आणि उन्हाळ्यात ते आकाशाला देऊन टाकतो. किती तलाव बांधले याचा आकडा जितक्या तत्परतेने छापला जातो तितक्या तत्परतेने त्यांच्या तळाशी कोणता थर आहे हे सांगितले जात नाही. सौसरच्या बाजूला हिशोब आणखी निराळा. तेथे संगमरवर आणि डोलोमाइट पाण्याने विरघळतात, त्यांत पोकळ्या पडतात आणि विहिरीला कधी कधी भरपूर पाणी लागते; पन्नास पावलांवर नाइस लागला की ते संपते. एकाच नव्या जिल्ह्यात भूजलाचे दोन निराळे नियम चालतात. जाम नदी पांढुर्ण्यातून काळ्या दगडावरून निघते आणि कन्हानला मिळेपर्यंत एका नियमातून दुसऱ्यात गेलेली असते. मे महिन्याच्या मध्यावर तिचे पात्र बहुतेक ठिकाणी कोरडे असते, तळातले गोटे उघडे पडलेले असतात, आणि काठच्या बागांत मृगाचा ताण चालू असतो. काही बागांत तो शेतकऱ्याने दिलेला असतो, काहींत विहिरीने.